यंदाचं वाण: मुंबईतल्या महिला मंडळांना खुलं पत्र

मुंबईतल्या सगळ्या महिला मंडळांच्या अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि सभासद बायांना,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत जवळ आली की आपल्या बैठका सुरू होतात. हॉल कुठला घ्यायचा, नाश्त्याला काय ठेवायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो वाणावर. गेल्या वर्षी आपण स्टीलची वाटी दिली, शेजारच्या मंडळानं झाकणाचा डबा दिला, मग यंदा काय लुटायचं? लालबागच्या आमच्या मंडळात मी अकरा वर्षं कार्यवाह होते. क्रॉफर्ड मार्केटच्या होलसेल दुकानांत पन्नास रुपयांत काय काय बसतं हे मला अजून पाठ आहे. हे पत्र त्याच बैठकीसाठी लिहितेय. ते तिथे मोठ्यानं वाचावं, ही पहिली विनंती.

विषय आहे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आपण त्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतो. तेसुद्धा कुणी गेलं की म्हणतो, आवाज खाली आणून, पोरींना खोलीबाहेर पाठवून.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी वहिनी म्हणायचे. थोरले दीर गिरणीत होते. १९८२ च्या संपात काम गेलं ते पुन्हा मिळालंच नाही. १९९६ मध्ये ते वारले तेव्हा वहिनी एकोणचाळीस वर्षांच्या, पदरात दोन मुलं. त्यांनी डबे सुरू केले. पहाटे चारला उठून वीस-बावीस डबे, त्यात कुणाचा शनिवार, कुणाला लसूण नको. आमच्या हळदीकुंकवाच्या तिळाच्या वड्या त्यांच्याच हातच्या असायच्या. वड्यांचं ताट त्या मुलीच्या हाती पाठवून द्यायच्या. स्वतः कधी आल्या नाहीत, कारण त्यांना बोलावणं नसायचं. बोलावणं करत घरोघर फिरणारी मी होते, आणि त्यांच्या दारावरून पुढे जाणारीही मीच. हे लिहिताना हात जड होतो, पण हे लपवून पुढचं सांगायला मी तोंड कुठून आणू?

२००८ साली, पाळी जाऊन चार वर्षं झालेली असताना, वहिनींना पुन्हा अंगावर जाऊ लागलं. थोडंसंच, एखाद-दुसरा दिवस. उष्णता असेल म्हणून त्यांनी सब्जा प्यायला, गुलकंद खाल्ला. मग पांढरं जाऊ लागलं, त्याला वास येऊ लागला. त्या बारशाला, लग्नाला येईनाशा झाल्या. आम्ही समजलो, डब्यांमुळे वेळ मिळत नसेल. कंबर दुखायची, तेही ओझी उचलून दुखतंय असंच सगळे म्हणत राहिलो. नाक्यावरच्या एका डॉक्टरांनी तीन वेळा गोळ्या दिल्या, तपासायच्या टेबलावर एकदाही घेतलं नाही. वहिनी नीट सांगत नव्हत्या आणि ते नीट विचारत नव्हते. उजवा पाय सुजला तेव्हा मुलगी हट्टानं मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तिसरी स्टेज निघाली. पाच आठवडे बाहेरून शेक म्हणजे रेडिएशन, दर आठवड्याला केमो, मग आतून शेक. त्यानंतर वर्षभर बरं गेलं. २०११ च्या श्रावणात वहिनी गेल्या.

त्या ॲडमिट असताना भेटायला आलेल्या नात्यातल्या एक बाई पडद्याबाहेरच्या बाकावर माझ्या कानाशी लागल्या. "नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मग हिला हा आजार झालाच कसा गं?" वहिनी पडद्याच्या पलीकडेच होत्या. रात्री त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुलापण तसं वाटतं का गं?" मी नाही म्हटलं. पण का नाही, ते मला सांगता आलं नाही. आज सांगता येतं.

हा कॅन्सर जवळपास प्रत्येक वेळी एका विषाणूमुळे होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हे त्याचं नाव, बोलताना एचपीव्ही. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं १९८३ मध्ये त्याचा १६ क्रमांकाचा आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार या कॅन्सरच्या पेशींतून वेगळा काढला. या कामाचं नोबेल त्यांना मिळालं ते २००८ मध्ये, वहिनी सब्जा पीत होत्या त्याच वर्षी. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बरेचसे निरुपद्रवी, काही हातापायांवर चामखिळी आणणारे, आणि चौदाएक प्रकार कॅन्सरपर्यंत नेऊ शकणारे. जगातले दहापैकी सात गर्भाशयमुखाचे कॅन्सर एकट्या १६ आणि १८ मुळे होतात.

हा शरीरसंबंधात कातडीला कातडी लागून पसरतो, आणि इतका सर्रास आढळतो की संसार केलेल्या बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. जन्मभर एकच जोडीदार असलेल्यांनासुद्धा. ताप नाही, खाज नाही, काही कळत नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत आपणहून त्याला हुसकावतं. उरलेल्या थोड्या जणींत तो गर्भाशयाच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि तिथल्या पेशींची वाढ रोखून धरणारी यंत्रणा बिघडवत जातो. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात. एचआयव्हीसारख्या आजारानं प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर त्याहून कमी. वहिनींना २००८ मध्ये दिसलेलं दुखणं त्यांच्या अंगात शिरलं असेल ते दीर जिवंत असताना, कदाचित लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतच. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. "कुणापासून झालं" हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि विचारणाऱ्यालाही बहुधा तो चालत्या-बोलत्या वयात होऊन गेलेला असतो. चारित्र्याचा इथे काडीचा संबंध नाही. तुमच्या मंडळात हा विषय निघेल तेव्हा कृपा करून सगळ्यात आधी हे वाक्य बोला, बाकी सगळं नंतर.

देशभरात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण सापडले आणि जवळपास ८० हजार बायका गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. मी हिशोब करून पाहिला, दर सहा-सात मिनिटांना एक. परळहून सीएसएमटीला लोकलनं पोचेपर्यंत दोन. आणि ही पंधरा-वीस वर्षं आधी चाहूल देणारी गोष्ट आहे. एवढी मुदत देणारे आजार थोडेच. तरी २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांत आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या दोनसुद्धा निघाल्या नाहीत.

आता आपल्या शहराची गोष्ट सांगते, जी मला स्वतःला वहिनी गेल्यावर दोन वर्षांनी पेपरात वाचून कळली. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी, असे चार फेरे. तपासणी कशानं? व्हिनेगरनं. पाण्यासारखं पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, चार टक्क्यांचं, कापसाच्या बोळ्यानं लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या पडतात, दिव्याच्या उजेडात डोळ्यांना दिसतात. ना प्रयोगशाळा, ना रिपोर्टची वाट. आणि तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं शिक्षण दिलेल्या बायका. आपल्यासारख्याच. २०१३ च्या जूनमध्ये शिकागोच्या मोठ्या परिषदेत निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. देशभर असं केलं तर वर्षाला २२ हजार जीव वाचतील, असा अंदाज त्यांनी मांडला. तुलनेसाठी घेतलेल्या वस्त्यांतल्या बायकांना फक्त माहिती दिली, तपासलं नाही, यावर पुढे टीका झाली आणि मला ती टीका रास्त वाटते. पण त्यातून जे कळलं ते साऱ्या जगानं उचललं, आणि ज्या शहरात ते कळलं त्या शहरातल्या आम्ही वाणाचे डबे निवडत बसलो होतो. वहिनी १९९८ मध्ये एकेचाळीस वर्षांच्या होत्या.

धाराशिवचंही तसंच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन १९९९ पासून अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. तिथल्या शेतमजूर बायकांनी जगाला दाखवलेली वाट आहे ही.

तर वाणाबद्दल.

हळदीकुंकू ही मुंबईतली एकच अशी वेळ आहे, जेव्हा तीस-चाळीस-पन्नाशीच्या बायका कुणाची परवानगी न मागता, मुलं-नवरा घरी ठेवून, एका जागी जमतात. सरकारनं शंभर शिबिरं घेतली तरी अशी गर्दी त्यांना जमवता येणार नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हे चालतं. यंदा वाण म्हणून एक चिठ्ठी द्या. तिच्यावर तपासणीचा वार, वेळ, ठिकाण, आणि सोबत येणाऱ्या बाईचं नाव. डब्याला जे पन्नास रुपये घालणार होता, ते त्या दिवसाच्या टॅक्सीला, चहाला आणि जिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते तिच्या मजुरीला घाला.

आणि बोलावणं सगळ्यांना करा. कुंकू लावणारीला आणि न लावणारीला. नवरा गेलेली, सोडलेली, लग्न न केलेली, सगळ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या कपाळाचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या गावाला जमलं, ते गिरगाव-दादर-मुलुंडच्या मंडळांना जमू नये? मी हे फक्त मानापमानासाठी म्हणत नाही. ज्या बाईला बाळंतपण उरलं नाही, पाळी उरली नाही, तिला स्त्रीरोगाच्या डॉक्टरकडे जायचं कारणच उरत नाही. हा कॅन्सर सापडतो तो बहुधा त्याच वयात. आपलं बोलावणं जिला पोचत नाही, तिलाच त्या चिठ्ठीची सगळ्यात जास्त गरज आहे.

आम्ही हे करून पाहिलं आहे, म्हणून कसं फसतं तेही सांगते. पहिल्या वर्षी मी हळदीकुंकवात माईक घेऊन वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या, तीन नावं आली. ऐनवेळी एक आली. तेव्हा राग आला होता, पण चूक माझी होती. चाळीतल्या साठ बायकांसमोर, सासूसमोर, "मला खालची तपासणी करायची आहे" म्हणून हात कोण वर करणार? दुसऱ्या वर्षी माईक ठेवून दिला. दुपारी तीन ते चार, भांडी आवरल्यावर, एकेकीच्या घरी गेलो. दोघी-दोघी, एक ओळखीची आणि एक जिची तपासणी झालेली आहे अशी. त्या दुसरीनं फक्त एवढंच सांगायचं: टेबलावर काय होतं, किती वेळ लागतो, दुखतं का. पाच-पाच जणींचे गट केले, गटातल्या सगळ्या एका वयाच्या. सासू-सून एका गटात घालायच्या नाहीत. हे शहाणपण आमच्या खजिनदार बाईंचं. त्या वर्षी चौतीस जणी जाऊन आल्या.

टेबलावर काय होतं ते इथेही सांगून टाकते, कारण निम्मी भीती न कळण्याची असते. पाय दुमडून पाठीवर झोपायचं, वर चादर असते. योनिमार्गात एक उपकरण घालून तो थोडा उघडा ठेवतात म्हणजे गर्भाशयाचं तोंड दिसतं. मग व्हिनेगर लावून पाहतात, किंवा मऊ ब्रशनं पेशी घेतात. त्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर ती पॅप स्मिअर, आणि त्यांत विषाणू शोधला तर ती एचपीव्ही चाचणी. सगळं मिळून पाचेक मिनिटं. ताण येतो, चमक येते, कळ येत नाही. पाळी चालू असताना जायचं नाही. पाळी गेलेल्या बाईत बघायची ती जागा आत सरकलेली असते, त्यामुळे नुसत्या व्हिनेगरनं नीट कळत नाही. तिनं डॉक्टरांना पॅप किंवा एचपीव्ही चाचणीबद्दल विचारावं. एचपीव्हीचा नमुना बाईला पडद्याआड स्वतःचा स्वतः घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला मान्यता दिली आहे. लाजणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी सोय आहे, आणि ती महापालिकेच्या दवाखान्यांत मिळावी म्हणून मंडळांनी आपापल्या वॉर्डात अर्ज करायला हवेत. एवढे अर्ज करतो आपण पाण्यासाठी, कचऱ्यासाठी.

जायचं कुठे? पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या स्त्रीरोग विभागात, टाटाच्या प्रतिबंध विभागात, इंडियन कॅन्सर सोसायटीकडे. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करावी हे केंद्र सरकारचं २०१६ पासूनचं धोरणच आहे, तेव्हा आपण काही मेहेरबानी मागत नाही. आधी एकीनं जाऊन वार, वेळ, केस पेपर कुठे काढायचा हे विचारून यावं. पाच बायका एकदम ओपीडीत उभ्या राहिल्या आणि "आज नाही, सोमवारी या" ऐकलं, तर त्यातल्या चार पुन्हा येत नाहीत.

आणि रिपोर्ट. इथे सगळ्यात जास्त बायका हातातून सुटतात. पॅप करून येतात, पंधरा दिवसांनी रिपोर्ट आणायला कुणी जात नाही. मोबाइल नंबर नवऱ्याचा दिलेला असतो, तो फोन उचलत नाही. मंडळात एका वहीत नुसते क्रमांक ठेवा, नावं नकोत, आणि जिची चिठ्ठी तिनंच तिचा रिपोर्ट हातात पडला का ते पाहावं. रिपोर्टात काय आलं हे मंडळाला कळायची गरज नाही.

आमच्या चौतीस जणींत एकीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी पांढरा डाग दिसला. अडतीस वर्षांची, चार घरी पोळ्या करणारी. ती रडायला लागली, तिला वाटलं कॅन्सर झाला. तो कॅन्सर नव्हता. कॅन्सर होण्याआधीची अवस्था होती, आणि डाग दिसणं म्हणजे वेळेत सापडणं. डॉक्टरांनी तिथेच एका छोट्या उपकरणानं ती जागा गरम करून बिघडलेल्या पेशी जाळल्या. भूल नाही, टाका नाही, ॲडमिट होणं नाही. काही आठवडे पाणी जाईल, महिना-सव्वा महिना संबंध टाळा, वर्षानं पुन्हा दाखवा, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती पोळ्यांना गेली.

तिला तिच्या बहिणीनं फोनवर सांगितलं होतं, "काढूनच टाक पिशवी, कटकट मिटेल." हे बोलणं आपल्याकडे फार पसरलंय आणि त्यामागे दुखणं आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते सगळ्या राज्यानं वाचलं. कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं होतं. म्हणून तुम्हालाही सांगते, मंडळात या कॅन्सरची भीती विकू नका. भ्यालेली बाई एकतर घरात बसते, नाहीतर जो पहिला भेटेल त्याच्या ऑपरेशनला हो म्हणते. कॅन्सर होण्याआधीच्या बहुतेक बिघाडांना पिशवी काढावी लागत नाही. कुणी लगेच काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

लेकींसाठी लस आहे, तेही बोलायलाच हवं. ती लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी घ्यायची, नऊ ते चौदा हे सगळ्यात चांगलं वय. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या सर्व्हावॅकला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती आली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून ती वाचवते. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. सरकारी मोहिमेत सध्या कुठल्या वयाच्या मुली बसतात आणि लस कुठे मिळते, ते वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे विचारा. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण सगळे प्रकार लसीत येत नाहीत.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच: "त्या लसीनं मुली मेल्या होत्या ना?" याला हसून उडवू नका. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यांतल्या सात मुली नंतर दगावल्या. चौकशीत कारणं वेगळी निघाली, कुणी पाण्यात बुडालेली, कुणाला साप चावलेला, कुणी कीटकनाशक घेतलेलं. लसीशी संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीत हेही निघालं की कितीतरी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सही केली होती. २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. आदिवासी, गरीब मुली म्हणून कुणी विचारायची तसदी घेतली नाही, हा राग खरा आहे, आणि लसीवरचा अविश्वास तिथूनच वाढला. २०१० मध्ये देशातले लसीचे सगळे अभ्यास थांबवले गेले. तेव्हा बार्शीपासून मिझोरामपर्यंत चाललेल्या एका दुसऱ्या अभ्यासातल्या हजारो मुलींना पुढचे डोस मिळालेच नाहीत, एकच मिळाला. दहा वर्षं त्यांना पाहिलं, तर एका डोसनंही त्यांना १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के वाचवलं होतं, दोन-तीन डोस मिळालेल्यांच्या बरोबरीनं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एक डोस पुरेसा ठरवला, त्याला या आपल्या मुलींचा मोठा आधार आहे. तेव्हा मंडळानं लसीचं काम हाती घेतलं तर मुलींना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावू नका. आईला बसवा, बापालाही बसवा, मुलीला तिच्या भाषेत सांगा, आणि ती "आत्ता नको" म्हणाली तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

बापांना बसवा म्हटलं, कारण हा बायकांचाच आजार आहे असं नाही. हाच विषाणू पुरुषांच्या लिंगाच्या, गुदद्वाराच्या, घशात टॉन्सिलपाशी आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या काही कॅन्सरमागे असतो. ६ आणि ११ हे प्रकार कॅन्सर करत नाहीत, पण गुप्तांगावर चामखिळी आणतात, आणि क्वचित एखाद्या लहान बाळाच्या स्वरयंत्रात गाठी येऊन त्याचा आवाज बसतो, त्याला पुन्हा पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागतं. पुरुषांसाठी आपल्यासारखी ठरावीक तपासणी नाही. म्हणून कित्येक देश मुलग्यांनाही लस देतात; ऑस्ट्रेलियानं २०१३ पासून सुरू केलं. आपल्याकडे आधी मुलींना तरी मिळू दे, असं मला वाटतं.

एक राहिलं. आपल्याकडे या अवयवांना धड शब्द नाहीत. "खाली", "तिथे", "जागा", "अंग". वहिनींनी तीन वेळा डॉक्टरांना "अंगावर जातं" एवढंच सांगितलं, आणि त्या दोन शब्दांत पाळीचं रक्तही बसतं, पांढरंही बसतं, कॅन्सरचं रक्तही बसतं. बैठकीत ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा: पाळी गेल्यावर योनीतून रक्त येतंय. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त येतंय. दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त येतंय. घाण वासाचं पाणी जातंय. पहिल्यांदा सगळ्या हसतात, पदर तोंडावर घेतात. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत हसू थांबतं, आणि एखादी हळूच विचारते, "हे असं मला झालं तर कुणाला दाखवायचं?" असं काही होत असेल तर तपासणीच्या वाराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि टेबलावर घेऊन तपासा, असं स्वतः सांगा.

वहिनींची मुलगी आता चाळिशीत आहे. वड्या तीच करते, आईच्या मापानं, गूळ जरा जास्त घालून. गेल्या वर्षी ताट घेऊन आली तेव्हा मी तिला आत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं आणि पहिली चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिनं ती उघडून वाचली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "काकू, सोबत कोण?" त्या चिठ्ठीवर नाव माझंच होतं.

यंदा आमचे पाच-पाचांचे आठ गट आहेत. संक्रांतीनंतरच्या पहिल्या बुधवारपासून, सकाळी साडेसातला, चाळीच्या गेटपाशी जमायचं, चहा तिथेच. आठव्या गटात दोन जागा रिकाम्या आहेत. शेजारच्या मंडळातल्या कुणाला घ्यायच्या असतील तर निरोप द्या.

तुमची,
लालबागच्या एका महिला मंडळाची माजी कार्यवाह